सगळ्यात हळू सायकल पुढे

धुळ्यातल्या आमच्या रविवारच्या राइडचा एकच नियम पक्का आहे, सगळ्यात हळू चालवणारा पुढे. बाकी सगळं बदलतं, वेळ बदलते, रूट बदलतो, माणसं कमीजास्त होतात, पण हे बदलत नाही. आमच्यात एक नाना आहेत, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, त्यांची चोवीस इंची काळी सायकल, पुढे दांडीला फडकं गुंडाळलेलं, मागे कॅरिअरला पाण्याची बाटली आणि पंक्चरचं सामान. नाना पुढे आणि त्यांच्या मागे गिअरवाले, रेंजरवाले, माझ्या ट्युशनची आठवीनववीची पोरं, एक नर्सताई नाइट करून थेट येतात त्या, आणि सगळ्यात शेवटी मी, शिट्टी घेऊन. कोणी मागे राहिलं की एक शिट्टी, पंक्चर झालं की दोन.

पोरांना पहिल्यांदा हे अजिबात पटलं नव्हतं. मॅडम, असं तर आपण चालत पण गेलो असतो! अरे मग चालतच जाऊ पुढच्या रविवारी, म्हटलं, आणि खरंच गेलो, तेव्हापासून एक रविवार सायकल आणि एक रविवार पायी असं सुरू झालं ते आता दोन वर्षं होतील. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक विचारतात की किती किलोमीटर झाले, स्ट्राव्हा अ‍ॅपचा स्क्रीनशॉट टाका, कॅलरी किती गेल्या. मला ते कधी सांगता येत नाही कारण आम्ही दोन तासांत पाच-सहा किलोमीटर जातो आणि त्यातला निम्मा वेळ कोणाच्या तरी ओट्यासमोर उभे असतो. बरेच जण म्हणून सोडून गेले, त्यांना वेग पाहिजे, त्याच्यात वाईट काहीच नाही, त्यांचा ग्रुप वेगळा आहे आणि ते सकाळी सकाळी सोनगीरपर्यंत जाऊन परत येतात. आमचं काम वेगळं.

ह्या फिरण्याच्या कल्पनेची सुरुवात अहमदाबादला झाली. माझी बहीण तिकडे दिलेली आहे. तिच्याकडे गेले होते तर भाऊजी म्हणाले सकाळी लवकर उठा, एक गोष्ट दाखवतो, आणि कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापाशी नेऊन सोडलं. तिथून जुन्या शहरातल्या पोळांमधून, म्हणजे तिकडच्या जुन्या वाडे-गल्ल्यांमधून, चालत चालत जामा मशिदीपर्यंत नेतात, १९९७ पासून हे चालू आहे आणि २०१७ मध्ये त्या अख्ख्या जुन्या शहराला युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. पण मला लक्षात राहिलं ते युनेस्को नाही. एका पोळमध्ये घराच्या अंगणाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं होतं आणि त्या घरातल्या बा, म्हणजे आजी, नुसत्या दारात येऊन उभ्या राहिल्या, गाइड बोलत होता तो थांबला आणि म्हणाला की आता बा सांगतील. बा जे दोन मिनिटं बोलल्या त्यातलं गुजराती मला निम्मं कळलं नाही पण त्या झाकण उघडून दाखवत होत्या, हात आत घालून थंडावा कसा लागतो ते दाखवत होत्या, आणि मला एकदम धुळ्याची गल्ली नंबर चार आठवली. तिथल्या माझ्या मैत्रिणीच्या घरात मी शाळेत असताना रोज जायचे, तिच्या आजीच्या घरात असंच काहीतरी होतं, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

परत आल्यावर थोडं शोधलं तर कळलं की असं जगभर चालतं. टोरांटोला जेन जेकब्स म्हणून बाई होत्या, शहरं रस्त्यावरून, फुटपाथवरून बघायची असतात असं सांगणाऱ्या, त्या २००६ मध्ये गेल्या आणि पुढच्याच वर्षापासून त्यांच्या वाढदिवसाच्या आसपास, मे महिन्याच्या सुरुवातीला, लोक आपापल्या गल्लीत फुकट वॉक काढायला लागले. तिकीट नाही, गाइडचं सर्टिफिकेट नाही, ज्याला आपला मोहल्ला माहीत आहे त्याने चालायचं आणि बाकीच्यांनी सोबत बोलत बोलत जायचं. हे वाचलं आणि म्हटलं हे तर आपल्याला जमेल. फक्त मे महिन्यात धुळ्यात सकाळी आठनंतर बाहेर चालून दाखवा म्हणावं, म्हणून आमचं पावणेसहाला निघणं आणि उन्हाळ्यात आठच्या आत घरी.

पहिल्या वॉकला आम्ही चौघं होतो. देवपुरातून निघालो, पूल ओलांडला, पांझरा नदीत नेहमीसारखं जेमतेम पाणी, आणि आत शिरलो गल्ल्यांमध्ये.

बाहेरच्या माणसाला धुळ्याच्या गल्ल्यांची गंमत कळत नाही. बाकी जुन्या गावांत गल्ल्या नागमोडी असतात, कासारगल्ली, बोहरीगल्ली अशी नावं असतात, आणि आपल्याकडे मात्र सरळ रेघ मारल्यासारख्या आणि नंबर दिलेल्या. पत्ता सांगतानाही आपण सहज सांगतो की पाच नंबरमध्ये या. हे असं का, हे मला चाळीशी जवळ आली तोपर्यंत माहीत नव्हतं. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हातात खानदेश आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज नावाच्या साहेबाने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. त्याच्या आधी धुळं म्हणजे जवळच्या लळिंग किल्ल्याच्या हाताखालचं एक साधं गाव, १८०३ च्या दुष्काळात तर ते ओस पडलेलं, पुढच्या वर्षी विंचूरकर सरदारांच्या माणसाने परत वसवलं. १८१९ ला इथे ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती, बस. ब्रिग्जने व्यापाऱ्यांना बोलावलं, घर बांधायला जागा कायमची बिनभाड्याची दिली, वर उचल पण दिली, लांबून कारागीर आणले आणि नवी पेठ सरळ आखली. म्हणजे आपण ज्याला जुनं धुळं म्हणतो त्याच्यापेक्षा ह्या नंबरच्या गल्ल्या नव्या आहेत, त्या काळातली ती नवी कॉलनी होती. हे सांगितलं की गल्लीत राहणारे लोक स्वतःच चकित होतात, आणि मग आत जाऊन आजोबांचं कागदपत्र काढून आणतात.

त्या पहिल्या वॉकला एका घरासमोर थांबलो होतो, लाकडी खांब, खांबाच्या वर कोरलेलं फूल, खाली दगडी ओटा. आतून एक बाबा आले, बनियन आणि लुंगी, हातात ब्रश, आणि अहिराणीत म्हणाले, "काय देखी राह्यनात तुम्हीन?" त्यांना वाटलं आम्ही मोजमाप घ्यायला आलोय रस्तारुंदीसाठी. नाही बाबा, खांब बघतोय म्हटल्यावर ते ब्रश तसाच हातात धरून खाली बसले आणि ओट्याच्या दगडात बसवलेली एक लोखंडी कडी दाखवली. इतकी झिजलेली की खालच्या बाजूला बोटाएवढी जाड आणि वर दोऱ्याएवढीच बारीक राहिलेली. इथे बैल बांधायचे, कापसाच्या गाड्या यायच्या, बैल मान हलवून हलवून कडी झिजवायचे. मी त्या कडीत बोट घालून फिरवली. बाबांनी पण फिरवली. त्यांच्या नातवाने पण, जो तिथेच राहतो आणि रोज त्या कडीला बाइकची चेन अडकवतो.

मला वाटतं तेव्हाच कळलं की आमच्या ह्या फिरण्यात बोलायचं कोणी. मी इतिहासाची मॅडम नाही, मी गणित आणि सायन्स शिकवते. मी सन सांगू शकते, वाचून येते तेवढं. पण कडी दाखवायला बाबाच पाहिजेत. म्हणून आता कुठलाही रूट ठरवायच्या आधी मी आणि नाना आठवडाभर आधी जाऊन येतो, तिथल्या घरात बसतो, चहा होतो, आणि एक तरी माणूस असा मिळतो का बघतो जो रविवारी पाच मिनिटं स्वतः बोलेल. नाही मिळाला तर तो रूट मागे ठेवतो. दोन रूट असे अजून तसेच पडून आहेत.

एक चूक मोठी झाली ती सांगते. चौथ्या की पाचव्या वॉकची पोस्ट कोणीतरी फॉरवर्ड केली आणि एकदम चाळीस लोक आले. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू, फोटो काढले, आणि सगळ्यांना घेऊन एका अरुंद बोळात शिरले, वेळ सकाळची साडेसहा, आणि नेमका तो नळाला पाणी यायचा दिवस. बाया हंडे घेऊन, पाइप टाकून, मोटार लावून घाईत, आणि आम्ही चाळीस जण मध्ये उभे राहून कोरीव खिडकी बघतोय. एक मावशी दोन हातात दोन बादल्या घेऊन थांबल्या, पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बाजूले व्हा व माय, पानी भरू द्या पहिले, गोष्टी मंग सांगज्यात." मी तिथेच सगळ्यांना बाहेर घेतलं. संध्याकाळी जाऊन त्या मावशींची माफी मागितली. त्यांचं चुकलं काहीच नव्हतं, पाणी रोज येत नाही आणि जे येतं ते तासाभरात भरायचं असतं. तेव्हापासून पायी वॉकला पंधराच माणसं, आणि त्या गल्लीचा पाण्याचा दिवस कुठला हे आधी विचारायचं, आणि घराच्या आतले फोटो घरच्यांनी सांगितल्याशिवाय काढायचे नाहीत. बाहेरगावचे लोक गल्लीला म्युझियम समजून घराघरात कॅमेरा घालतात ते मला सहनच होत नाही. तिथे लोक राहतात, त्यांचं कपडे वाळत घालणं, भांडण, सडा, हे सगळं चालू असतं आणि आपण पाहुणे असतो.

धुळ्यात पायी चालायचं आणि राजवाड्यांचं नाव घ्यायचं नाही असं होत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच धुळ्यात वारले आणि त्यांनी जमवलेली दप्तरं राहावीत म्हणून लगेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. पोरांना मी सांगते की हा माणूस गावोगाव पायी फिरायचा, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या कोठीत उंदीर खात असलेले कागद पडलेत ते बघायला, आणि त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड निघाले, पहिला १८९८ मध्ये. पोरांना खंडांचं फार काही वाटलं नाही पण मोडीचा कागद समोर आल्यावर सगळी वाकली. अक्षर न तोडता, टाक न उचलता ओळ चाललेली. एक पोरगी म्हणाली मॅडम हे ईसीजीसारखं दिसतं. ती आता युट्यूबवरून मोडी शिकतेय, घरचा एक जुना दस्त आहे तो वाचायचा म्हणून.

तसंच समर्थ वाग्देवता मंदिर. नाव ऐकून आत जाणाऱ्याला मूर्ती अपेक्षित असते आणि आत आहेत बाडं, हस्तलिखितं. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य घालवून रामदासी मठांमधून ही जमा केली, आणि समर्थांच्या हस्ताक्षरातलं वाल्मीकी रामायण इथे जपलेलं आहे. आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक त्या रस्त्यावरून रोज बँकेत जातात. एक काका बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मी सज्जनगडला चारदा जाऊन आलो आणि इथे पहिल्यांदा आलो.

आणि जेल. जेलच्या भिंतीसमोर आम्ही रस्त्याच्या पलीकडे सायकली लावून फक्त उभे राहतो, आत जायचं नाही, गेटचा फोटो काढायचा नाही, हे आधीच सांगितलेलं असतं. १९३२ मध्ये विनोबा इथे कैदेत होते आणि २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी ते गीतेवर बोलायचे, एका रविवारी एक अध्याय, अठरा अध्याय, आणि खाली बसून साने गुरुजी भराभर लिहून घ्यायचे. ते गीता प्रवचने म्हणून छापलं गेलं आणि कितीतरी भाषांत गेलं. मी गणिताची म्हणून एकदा कॅलेंडर मांडून रविवार मोजले, बरोबर अठरा भरतात, पहिला पण रविवार आणि शेवटचा पण. जूनमधला धुळ्याचा उकाडा आठवा, पत्र्याच्या नाहीतर दगडाच्या बराकीतला, आणि त्यात सलग लिहिणारा माणूस आठवा. आम्ही तिथे दोन मिनिटं शांत उभे राहतो. हे कोणी ठरवलं नव्हतं, पहिल्या वेळी आपोआप झालं आणि नंतर तसंच चालू राहिलं.

सायकलचे रविवार वेगळे. पावसाळ्यात लळिंगला जातो, हायवे टाळता येत नाही म्हणून एका रांगेत, मागे लाल लाइट लावून, लळिंगचा चढ आला की नाना उतरून चालतात आणि नाना उतरले की सगळे उतरतात. किल्ल्यावर सगळेच जातात, धबधब्याला तर नुसती गर्दी. आम्ही मात्र आधी लांडोर बंगल्याला जातो. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या एका केससाठी धुळ्याला आले तेव्हा इथे राहिले होते आणि ३१ जुलैला तिथे दरवर्षी भीमस्मृती यात्रा भरते, लोक लांबून येतात. आमच्या नर्सताईंच्या आजी त्या यात्रेला पायी जायच्या. ताईंनी तिथे बसून आजीचं सांगितलं, डोक्यावर भाकरीचं फडकं, कडेवर पोरगं आणि हायवेच्या कडेने बायांची रांग, ते मला कुठल्याही पाटीवर वाचायला मिळालं नसतं.

सोनगीरला आम्ही वर्षातून दोनदा जातो आणि त्यासाठी मात्र लवकर निघतो कारण लांब आहे, येऊन जाऊन चाळीस किलोमीटर होतात, नाना त्या दिवशी टेम्पोत. सोनगीर सगळ्यांना हायवेवरचं गाव म्हणून माहीत आहे, किल्ल्याची टेकडी गाडीतून दिसते. पण गावात शिरलं की कान आधी ओळखतात. टण् टण् टण्, एक नाही, चार-पाच घरांतून, प्रत्येकाचा ताल वेगळा. तांबटांचं गाव आहे हे. तांब्या-पितळेची भांडी, खानदेशात लग्नात दिलेला हंडा-गुंडी बऱ्याच घरी सोनगीरचाच निघेल. एका घरात आम्हाला बसू दिलं, तिथे एक दादा तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करत होते. हंडा खुंट्यावर उपडा घातलेला, डाव्या हाताने तो थोडा थोडा फिरवायचा आणि उजव्या हाताने हातोडी, एकसारखी, ठोक्याला ठोका लागून, मध्ये जागा सोडायची नाही आणि एकावर एक पण पडू द्यायचा नाही. मी त्यांना बघता बघता मोजायला लागले, एका फेऱ्यात शंभराच्या वर ठोके गेले आणि त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही, आमच्याशी बोलतच होते. म्हणाले, नजरेने नाही, आवाजाने कळतं. पत्रा बसला की आवाज बदलतो. मग त्यांनी एका पोराच्या हातात हातोडी दिली, त्याने पाच-सहा ठोके मारले, प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि दादांनी लगेच त्याच्यावरून हात फिरवून ते सगळे परत एकसारखे करून टाकले. ठोके नुसते शोभेचे नसतात, ठोकून ठोकून तांबं कडक होतं आणि हंड्याला पोचा पडत नाही. हे सायन्समध्ये मी शिकवते, वर्क हार्डनिंग. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा हाताला लागलं.

दादांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. ते दादांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, सरळ सांगितलं. स्टील आलं, मग प्लॅस्टिक आलं, आता परत लोक तांब्याच्या बाटल्या मागतात पण मशीनच्या गुळगुळीत. आम्ही तिथून दोन घागरी आणि सात तांबे घेतले. राइडला येताना बॅगेत थोडे पैसे ठेवा, एवढं मी आवर्जून लिहिते ग्रुपवर. बघून, फोटो काढून, चहा पिऊन निघून यायचं मला बरोबर वाटत नाही.

पण मला स्वतःला विचाराल तर ह्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त मनात राहिलेला दिवस साक्री तालुक्यातला, पांझरेच्या फडांवरचा. सायकली छोटा हत्तीत टाकल्या, माणसं एसटीने, आणि तिकडे गेल्यावर पाटाच्या काठाकाठाने चालवल्या. फडपद्धत हे नाव शाळेत भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेलं असतं आणि तिथेच विसरलेलं. तीनशे-चारशे वर्षं जुनी गोष्ट आहे आणि आपल्या नदीवरची आहे. नदीत आडवा दगडी बंधारा, धरणासारखा उंच नाही, पाणी अडवायला नाही तर नुसतं वळवायला. तिथून पाट निघतो, पाटाला चाऱ्या, म्हणजे छोटे फाटे, आणि खाली जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात त्या वर्षी एकच पीक, ऊस म्हणजे सगळ्यांचा ऊस, गहू म्हणजे सगळ्यांचा गहू, पुढच्या वर्षी फिरवायचं.

ह्यातली खरी अक्कल कुठे आहे ते मला तिथल्या आप्पांनी पाटाच्या मातीत काडीने रेघा मारून दाखवलं. आप्पांचे वडील पाटकरी होते, म्हणजे पाणी सोडणारा, दार उघडणारा-बंद करणारा माणूस, शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पाणी स्वतः वळवायचंच नाही, ते पाटकऱ्याने. आणि रात्री राखणीला जागल्या. आप्पांनी चार चौकोन काढले, हे चार फड. मग प्रत्येक चौकोनात आडव्या पट्ट्या मारल्या आणि म्हणाले, ही पट्टी माझी, इकडची पण माझी, तिकडची पण माझी. म्हणजे प्रत्येक घराची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. आता पाऊस कमी झाला, पाणी दोनच फडांना पुरणार, तर दोन फड बंद. कोणाचं नुकसान झालं? सगळ्यांचं सारखं. आणि कोणाचं पिकलं? सगळ्यांचं सारखं. काडी खाली टाकली आणि माझ्याकडे बघितलं. मी तीस वर्षांपासून गुणोत्तर-प्रमाणाची गणितं बघतेय, आधी शिकले मग शिकवली, आणि ह्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

वर धरणं झाली, विहिरी झाल्या, बोअर झाले, ज्याचं पाणी त्याच्या बांधावर आलं आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडला. आप्पांच्या बंधाऱ्याला एका बाजूने भगदाड आहे, त्यातून झाड उगवलंय. आम्ही गेलो तेव्हा पाटात कोरडं गवत आणि बाभळीचे काटे, त्या काट्यांनी एका दिवसात अकरा पंक्चर झाले, नानांचं सगळं सामान संपलं, शेवटची दोन पंक्चरं आप्पांच्या अंगणात घमेल्यात पाणी घेऊन काढली. ट्यूब पाण्यात दाबायची, बुडबुडे कुठून येतात बघायचं, तिथे खूण करायची, घासायचं, सोल्युशन लावून फुंकर मारून थांबायचं, पॅच. हे चालू असताना घरातून कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी आली, कोणी मागितलं नव्हतं, पंधरा माणसांची. नर्सताईंनी आणि पोरींनी नंतर भांडी घासून दिली. पैसे देऊ केले तर आप्पा रागावले. मग पुढच्या महिन्यात आम्ही परत गेलो आणि बंधाऱ्यापासून पहिल्या चारीपर्यंतचा पाट काटे काढून साफ केला, एवढंच आमच्याने झालं.

येताना एसटीत पोरांना मी सर विश्वेश्वरय्यांचं सांगितलं, १८८४ मध्ये नवीन नवीन इंजिनीयर होऊन मुंबई सरकारच्या नोकरीला लागले तेव्हा त्यांना ह्याच भागात पाठवलं होतं आणि पांझरेच्या पाटाचं पाणी पाइपच्या सायफनने पार नेण्याचं काम त्यांच्याकडे आलं. म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागर, भारतरत्न, हे सगळं नंतरचं. सुरुवात आपल्या पांझरेवर. एक पोरगा खिडकीतून नदी दिसेनाशी होईपर्यंत बघत होता.

चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांच्या बंगल्यावर जायचंय एकदा सगळ्यांना घेऊन. धुळ्याहून चाळीसगावची रेल्वे १९०० पासून आहे, स्टेशनवर उतरून पायी जाता येतं. टेबलावर चार वस्तू मांडून, उजेड फिरवून अख्खा देखावा उभा करणारा हा फोटोग्राफर पन्नासेक वर्षं त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही, १९८९ मध्ये तिथेच गेला. मी दोनदा एकटी जाऊन आलेय, त्याच्याबद्दल वेगळं लिहीन, ते असं घाईत दोन ओळींत सांगायचं नाही.

येत्या रविवारचं मात्र सांगते. ब्रिग्जने धुळ्याचं जे वर्णन केलं त्यात असं आहे की छोटं गाव, भोवती बागायत, आणि एका बाजूला नदी नि दुसऱ्या बाजूला पाट, त्यांच्यामध्ये कोंडलेलं. नदी तर आहे. पाटाबद्दल मी गेल्या वॉकला सहज बोलले, तर त्या बादल्यावाल्या मावशी, ज्यांनी आम्हाला बाजूला केलं होतं, त्या आता दर पायी रविवारी येतात, त्या म्हणाल्या की माझ्या सासूबाईंना विचारा. आजींचं वय नव्वदीच्या आसपास. मी गेले तर त्या खाटेवर बसून सुपारी कातरत होत्या. पाट म्हटल्यावर अडकित्ता बाजूला ठेवला. लग्न होऊन आले तेव्हा वाकळा, गोधड्या धुवायला तिकडेच जायचो, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी, सगळ्या गल्लीतल्या सुना मिळून, आणि पाणी एवढं, असं म्हणून त्यांनी पोटरीला हात लावून दाखवलं. कुठून कुठे जायचा तो, आजी? तर म्हणाल्या, असं तोंडाने काय सांगू, चालून दाखवते.

रविवारी सहाला आजींच्या दारात जमायचंय. पंधराच जण, नावं आजच कळवा. पाण्याचा दिवस शनिवारी आहे, विचारून घेतलंय. सगळ्यात पुढे आजी, मग नाना, परतीला आजींसाठी रिक्षा सांगितलेली आहे.